पडद्यावरचं नाव आत्याचं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही — पण सदुसष्ट पूर्ण झाली, पोटात ठेवायचं तरी किती?

आमच्या चिंचवडात कंपनी म्हटलं की पत्रा, प्रेस, शिफ्ट, कँटीनचा चहा. मी स्वतः एकतीस वर्षं एका कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं तपासली. माझी आत्याही कंपनीतच होती — फक्त तिची कंपनी सिनेमाची. त्या काळी नट्या महिन्याच्या पगारावर असत, पाच-पाच वर्षांच्या करारावर. सकाळी नऊला हजर. शूटिंग नसेल तर नाच शिका, तलवार शिका, नाहीतर दुसरीच्या साडीला टिकल्या लावत बसा. लग्नाला मालकांची परवानगी. आणि नाव — नाव कंपनीचं. आमची यमुना तिथे हेमकांता झाली. सात चित्रपट केले तिने त्या नावाने. मग मालकांशी बिनसलं, करार संपल्यावर ती बाहेर पडली, आणि कंपनीने तेच नाव उचलून दुसऱ्या मुलीला दिलं. आहे की नाही कमाल? दुसरी गाजली. यमूआत्या शिवणाचे क्लास घेत म्हातारी झाली आणि शेवटी माझ्याकडे राहायला आली.

माझ्या वडिलांनी तर तिला जवळजवळ टाकलंच होतं. मी मात्र मोठी पुढारलेली — असं मला वाटायचं. दुपारी भाजी निवडताना मी तिच्याकडून सगळं ऐकायचे. सांगता सांगता तिचे हात असे चालायचे, की निवडलेली मेथी देठांत जाऊन पडायची. एकच म्हणायची, "अगं, पहिली हेमकांता मी होते, एवढं कुणीतरी लिहून ठेवायला हवं." दुसरं काही नको होतं तिला. खरंच नको होतं.

मुद्द्यावर येते म्हणते आणि फिरतेच आहे, बघा.

लेकीला राजगुरुनगरचं स्थळ आलं होतं. घरंदाज माणसं, मुलगा चाकणला इंजिनिअर. मंडळी रविवारी पक्कं करायला येणार, आणि गुरुवारी सकाळी दारात एक चष्मेवाले गृहस्थ. जुन्या चित्रपटांवर लिहीत होते. म्हणाले, हेमकांता नावाच्या दोन नट्या असाव्यात अशी शंका आहे. दारातच वही उघडून चित्रपटांची यादी वाचून दाखवली, चांगली दहा-पंधरा मिनिटं; मग विचारलं, पहिल्या इथे राहतात का?

माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? रविवारची बैठक. पेपरात आत्याचा फोटो, आणि मुलाचे वडील विचारतायत — तुमच्याकडची बाई सिनेमात? मी म्हणाले, "तुमची गल्लत झालीय. आमची आत्या शिवण शिकवायची. सिनेमाशी तिचा काडीचा संबंध नाही." एवढ्यावर थांबले असते तरी... पण नाही. वर ठसक्यात सांगितलं, की हेमकांता एकच, दोन-बिन काही नव्हत्या. म्हणजे नुसतं लपवलं नाही — पुसून टाकलं. बिचाऱ्यांनी माफी मागितली, पाणीही न घेता गेले.

वळले तर आतल्या दारात आत्या. जरीकाठाची साडी नेसून, केस विंचरून, पावडर लावून. ते नाव तिने आतून ऐकलं होतं — किती वर्षांनी! — आणि तयार व्हायला गेली होती. "गेले का गं ते?"

मी म्हणाले, लाइटचं मीटर बघायला आला होता माणूस.

ती आत गेली. साडी बदलून कांदा चिरायला बसली. रविवारी मुलाच्या आईने तिला सहज विचारलं, तुम्ही काय करत होता? मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "शिवण शिकवायचे." मला काय वाटलं सांगू? लाज वाटायला हवी होती. हायसं वाटलं.

लग्न झालं. आठ महिन्यांनी रविवारच्या पुरवणीत त्या गृहस्थांचा पानभर लेख आला. जन्म, गाव, संसार सगळा दुसरीचा. आत्याचे सातही चित्रपट तिच्या नावावर. आणि मधोमध फोटो — आत्याचा. विशीतली, हातात तलवार.

आत्याने भिंग घेऊन लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग फोटोवर बोट ठेवलं. "छापलाय मात्र छान." आणि माझ्याकडे बघत राहिली — रागाने नाही हो, वाट बघत.

लेखाखाली छापलं होतं, अधिक माहिती असल्यास कळवावी, आणि फोन नंबर. लेक सासरी सुखात होती. लपवायला आता कारण नव्हतं. फक्त त्या माणसाला सांगावं लागलं असतं, की मी खोटं बोलले.

आत्या त्यानंतर तीन वर्षं होती. फोन तिच्या खुर्चीशेजारीच होता. ती स्वतः करू शकली असती, पण मग मी खोटी पडले असते. म्हणून तिने केला नाही.

मीही केला नाही.