हजेरी ऐकणारे कंट्रोलर

कराडच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. गाडी लागली की कर्ण्यावरून वाटेतली सगळी गावं सांगायचे, चार घरांची वस्तीही गाळायचे नाहीत. रोजच्या गाडीची वाट बघत मी कंटाळलो की म्हणायचे, "आवं सायेब, तितली माणसं बी गाडीतच बसत्यात."

त्या जूनमध्ये त्यांच्या मुलीला पाचवीत घालायचं होतं. बाकीचे बाप शाळेचा निकाल विचारत. हे रजा टाकून एकेका शाळेच्या खिडकीबाहेर उभे राहायचे आणि हजेरी ऐकून परत यायचे. शाळा सुरू होऊन आठवडा झाला, तेव्हा कुठं त्यांनी मुलीचं नाव नगरपालिकेच्या शाळेत घातलं.

"मुल्लानंतर कांबळे, कांबळेनंतर जोशी, मग माळी. ऐकतच ऱ्हावं वाटतं बगा," ते म्हणाले.

"आमच्या मुलीच्या शाळेत गेला होता का?"

"गेलतो की. लय चांगली शाळा हाय. पर हजेरी घेत्यात का लग्नपत्रिका वाचत्यात, कळंना."

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मुलीला सोडल्यावर मी तिच्या वर्गाच्या खिडकीखाली थांबलो. पहिल्या दहा नावांत सहा आमच्याच नात्यागोत्यातल्या पाहुण्यांची पोरं निघाली.