गुरुवारच्या बाईंचं घड्याळ
घामेजलेल्या चामड्याचा वास आला की सिंदीच्या बाजारातून आणलेलं ते घड्याळ आठवतं. माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, दिसत नाही. दर गुरुवारी एक बाई घरी येऊन तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढत. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचा चामड्याचा पट्टा हाताला लागला की ती खुदकन हसे. पोटची पोर माझी, आणि हसणं त्यांच्यासाठी. बाई म्हणत, “ताई, तुम्हीपण शिका.” “मले सैपाक हाये,” म्हणून मी गॅसपाशी धुमसत राही. एका बुधवारी बांगड्या काढून मी तसंच घड्याळ घातलं आणि गुपचूप तिच्याजवळ बसले. पट्टा चाचपताच तिचा चेहरा फुलला. ती माझ्या तळहातावर भरभर लिहू लागली, उत्तरासाठी थांबली, पुन्हा लिहू लागली. मला एक अक्षर कळेना. मग तिचा हात वर सरकला, कोपराजवळचा माझा भाजल्याचा व्रण तिला सापडला, आणि लिहिणं सोडून तिनं माझा हात स्वतःच्या तोंडाशी नेला, म्हणजे जेवायला दे. माझ्याशी तिचं तेवढंच बोलणं होतं. पुढे मीही अक्षरं शिकले. आता आम्ही तासन्‌तास बोलतो, पण त्या बुधवारी तिला बाईंना काय सांगायचं होतं, ते कितीदा विचारलं तरी तिनं मला अजून सांगितलेलं नाही.