कासाब्लांकातला अर्धा ग्लास

कासाब्लांकातल्या एका टॅक्सीवाल्याची आई नसती, तर मुलीच्या पीएचडीला मी पोचलेच नसते. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, त्या बाईनंच तर अडकवून ठेवलं होतं. तेही खरं आहे.

मुलगी परदेशात, ॲन आर्बरला शिकते. तिचा डिफेन्स होता, म्हणजे प्राध्यापकांसमोर उभं राहून आपलं काम सांगायचं आणि त्यांचे प्रश्न झेलायचे. मी सातवीत शाळा सोडलेली. पण त्या खोलीत आपण असावं, एवढी एक हौस. स्वस्तातलं तिकीट कासाब्लांकावरून मिळालं, मध्ये सात तास मोकळे.

"आई, एअरपोर्टवर बॅग कवटाळून बसू नकोस," तिनं फोनवर बजावलं. "व्हिसा काढून दिलाय. टॅक्सी कर, समुद्राकाठची मशीद बघ, परत ये. सिंपल आहे."

टॅक्सी केली, पण विमानतळ मागे पडला तशी विमान चुकायची धास्ती वाटायला लागली. पुढे वाकून मी टॅक्सीवाल्याला विचारलं, "एअरपोर्ट? टाइम?" बिचाऱ्यानं गाडी वळवून मला परत एअरपोर्टवर आणलं. तिथे वाटलं, पोरगी काय म्हणेल. म्हटलं, "मशीद." निघालो. लांबून मनोरा दिसतो न दिसतो तोच मी पुन्हा विचारलं, "एअरपोर्ट?" या वेळी तो वळला नाही. गाडी एका गल्लीत घातली आणि मला नेऊन आईसमोर उभं केलं. तिला हिंदी येतं, असं तो खुणांनी सांगत होता.

येत होतं, पण सगळं सिनेमातलं. मला बघताच त्याच्या आईनं, म्हणजे मावशींनी, छातीवर हात ठेवला.

"बेटी, तू आ गई."

"हां मावशी, मगर मेरा प्लेन है."

"मैं तुझे कहीं नहीं जाने दूँगी," त्या म्हणाल्या आणि पुदिन्याचा चहा ओतला.

मी घाईघाईनं तो संपवला. त्यांनी पुन्हा भरला. बदामाची बिस्किटं खाऊन बशी रिकामी केली, तीही भरली. लवकर संपवावं म्हणजे उठता येईल, असं माझं गणित. आमच्याकडे ताटात चार शितं राहिली तरी आई उठू द्यायची नाही.

"बस, मावशी."

"ये खून का रिश्ता है," मावशी म्हणाल्या. ग्लास भरला.

तेवढ्यात मुलीचा फोन.

"मशीद बघितलीस?"

"चहा पितेय. टॅक्सीवाल्याच्या आईकडे. उठूच देत नाहीत गं."

मग म्हणाली, "तू ग्लास संपवत नाहीयेस ना?"

"मग काय टाकू?"

"माझी लॅबमेट तिथलीच आहे. रिकामा ग्लास म्हणजे अजून हवंय. अर्धा टाक आणि ऊठ."

"दुसऱ्याच्या घरी?"

"आई. उद्या डिफेन्स आहे."

मी अर्धा ग्लास खाली ठेवला. मावशींनी ग्लासाकडे पाहिलं, मग लेकाकडे, आणि भिंतीला टेकून हुश्श केलं. डबा उपडा करून दाखवला. साखर संपली होती. त्याही कधीच्या माझं पोट भरायची वाट बघत होत्या.

मग मात्र त्या स्वतः टॅक्सीत पुढे बसल्या. वाटेत गाड्या तुंबल्या तिथे काच खाली करून अशा ओरडल्या, की एक ट्रक मागे सरकला. एअरपोर्टच्या दाराशी ही मोठी रांग. मावशींनी छातीवर हात ठेवून रांगेला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं देव जाणे, पण लोक बाजूला झाले आणि माझ्याकडे इतक्या दयेनं बघायला लागले, की मलाच रडू आलं. विमान मिळालं.

डिफेन्सला मी शेवटच्या रांगेत बसले. एक अक्षर कळलं नाही. शेवटी सगळे तिला हात मिळवायला लागले, तेव्हा झालं म्हणून समजले. कुणीतरी कागदी कपातून कॉफी दिली. मी तळाशी थोडी ठेवली.

मावशी, तुम्ही एकदा आमच्याकडे या. मी साखर भरपूर आणून ठेवीन आणि गरम पोळ्या वाढत राहीन. तुम्ही पानात टाकल्याशिवाय मी थांबायची नाही.