इटलीची शर्यत आणि आमची तट्टाणी

उभ्या जन्मात मी दोनच शहरं नीट पाहिली. एक परभणी, दुसरं हैदराबाद. पण डोळे बांधून सोडलं तरी वाट चुकणार नाही असं शहर माझ्यासाठी एकच आहे आणि तिथं मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. ते इटलीत आहे. त्याला सिएना म्हणतात. राणीसावरगावच्या अलीकडं आमचं खेडं, त्यातली धनगरगल्ली, आणि त्या गल्लीत मेंढरांच्या लेंड्या झाडता झाडता ते शहर मी इतक्यांदा ऐकलं, की तिथला एखादा चुकलेला पाहुणा मी आजही त्याच्या मुक्कामाला पोचता करीन.

हे शहर आमच्याकडं आणलं माझ्या धाकट्या चुलत्यानं. काका इंग्रजांच्या पलटणीतून इटलीत लढून आले होते. लढाई संपली, बोट मिळायला अवकाश होता, तेव्हा साहेबानं शिपायांना सुट्टी दिली आणि काका पाहुणे म्हणून त्या गावात शिरले. पुढं ते पिंगळीच्या स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक कांबळं आणि एक पत्र्याचा डबा एवढाच ऐवज होता. बाकी सगळं ते तोंडात घेऊन आले होते.

काका सांगायचे, गाव टेकडीवर, सगळं लाल विटांचं. मधला चौक सुपासारखा उतरता. त्याच्या कडेचा मनोरा एवढा उंच, की चढलेला माणूस खाली येईस्तोवर त्याच्या पोराला मिसरूड फुटावं. आणि मोठं देऊळ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, थेट आपल्या घोंगडीसारखं. हे ऐकल्यावर तिथला देव धनगरांचाच असणार, असा निकाल आमच्या गल्लीतल्या बायकांनी जागच्या जागी देऊन टाकला. दिवस कलला की तिथली माणसं नटूनथटून बाहेर पडतात आणि नुसती चालतात, असंही काकांनी सांगितलं. कुठं निघालात म्हणून विचारावं तर कुठंच नाही.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हे ऐकून म्हणाले, "मग आमी जन्मभर मेंढरामागं काय करायलोत?"

पण काकांचा खरा हुकमी पत्ता म्हणजे तिथली शर्यत. वर्षाच्या सणाला त्या चौकात घोडे पळतात. प्रत्येक गल्लीचा एक घोडा. गल्ली म्हणजे नुसता पत्ता समजू नका. नवरा एका गल्लीचा आणि बायको दुसरीची असली तर सणापुरती ती माहेरी निघून जाते. शर्यतीआधी घोड्याला देवळात नेतात, देवासमोर उभा करतात. घोड्यानं तिथं शेण टाकलं तर लोक टाळ्या वाजवतात, शुभ म्हणतात. वळणावरच्या भिंतींना गाद्या बांधतात, म्हणजे स्वार आदळला तरी मरू नये. चौकाला तीन फेरे, खोगीर नाही, रिकीब नाही. आणि बाहेरगावचे पाहुणे चौकाच्या मधोमध फुकट उभे राहून बघतात. काका सांगताना स्वतःच पळायचे, स्वतःच आदळायचे आणि स्वतःच टाळ्या वाजवायचे.

मधल्या काळात रझाकारांचे दिवस आले. जत्रा बंद, वाजंत्री बंद, माणसं जीव मुठीत धरून बसलेली. मग हैदराबाद हिंदुस्थानात सामील झालं आणि पुढं चंपाषष्ठीला खंडोबाची जत्रा पुन्हा जोरात भरवायचं ठरलं. त्यासाठी चावडीत गाव बसलं. आमच्याकडं पालखीचा शिरस्ता असा, की पुढं पाटलाची गल्ली आणि तिची सनई, दोन्ही अंगांनी शेतकऱ्यांच्या गल्ल्या, आणि सगळ्यांच्या मागं, मशालीच्या धुरात नि धुळीत, आमचा ढोल. तो ढोल आबा वाजवायचे. मिसरूड फुटण्याआधीपासून वाजवत होते आणि आता दाढी कापसासारखी झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी पालखीतला देव समोरून कधी पाहिला नव्हता. त्यांच्या वाट्याला पालखीची मागची फळी आणि भोयांच्या पोटऱ्या. गुडघे कुरकुरायला लागले होते. पुढच्या जत्रेला ढोल पेलेल याचा भरवसा नव्हता.

त्या बैठकीत आबा उठले आणि म्हणाले, "पाटील, औंदा एक डाव मला पुढून वाजवू द्या. देवाची नुसती पाठच बघत आलोय मी. तोंड कसं हाय ते बघायचंय."

पाटील वाईट माणूस नव्हता, पण मान हा त्याचा जीव की प्राण. एकाला पुढं घेतलं की उद्या कुंभारगल्ली मागंल, परवा सुतार मागतील, असं तो बोलायला लागला. तेवढ्यात काका उभे राहिले. राज्य नवं आलंय, म्हणाले, तर मान नव्या रीतीनं ठरू द्या. आणि त्यांनी सिएनाची शर्यत मांडली. देवळाभोवती तीन फेरे, दीपमाळेपासून दीपमाळेपर्यंत. ज्या गल्लीचं जनावर पहिलं, ती गल्ली पालखीच्या पुढं.

बाकी गल्ल्यांकडं नांगराचे बैलच, म्हणून शर्यत दोघांचीच ठरली. आता पाटलाकडं होती पांढरी घोडी. तिचं वर्णन करायला माझ्याकडं वेळ आहे, पण तुमच्याकडं नसेल. ती टाप आपटायची तेव्हा गंगाखेडात गोदावरीला लाटा उठायच्या, एवढं सांगतो. आणि आमच्याकडं होती तट्टाणी. बिऱ्हाडाची. धनगर मेंढरं घेऊन रानोमाळ निघाला की भांडीकुंडी, कांबळी, कोंबड्या आणि रात्री व्यालेली कोकरं असा सगळा संसार तिच्या पाठीवर. रंग शेवाळलेल्या रांजणाचा, पोट नगाऱ्याचं, कान एक पूर्वेला तर एक पश्चिमेला.

पाटील हसला. सगळी चावडी हसली. आणि हसता हसताच त्यानं कबूल केलं. चारठाण्यापासूनचे पाहुणे जत्रेला यायचे होते, त्यांना घोडी दाखवायची त्याला हौस होतीच. फक्त एक अट घातली. "हारलात तर पुढच्या जागेचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. म्हाताऱ्यानंबी न्हाई, तुमच्या नातवा-पणतवांनीबी न्हाई."

"मंजूर," आबा म्हणाले. विचार करायलाही ते थांबले नाहीत.

स्वार मी. गल्लीतला सगळ्यात हलका आणि सगळ्यात बढाईखोर, म्हणून माझी निवड झाली. लगेच सराव सुरू झाला आणि लगेच आमचे चेहरे उतरले. कारण तट्टाणी पळेचना. मी पाठीवर बसलो की ती अशी जपून पाऊल टाकायची जशी काही पाठीवर कोकरं आहेत. टाच मारली, ऊस दाखवला, काकांनी कानात इटलीची भाषा बोलून पाहिली. ढिम्म. एकदा तर गोगलगाय आमच्या पुढं निघून गेली आणि तिनं मागं वळून पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो.

इकडं गाद्यांचा प्रश्न उभा राहिला. देवळाच्या मागच्या कोपऱ्यावर दगडी भिंत थेट वाटेत यायची. तिथं गाद्या बांधल्याशिवाय शर्यत खरी नाही, यावर काका अडून बसले. गावात कापसाच्या गाद्या पाटलाकडंच, त्या त्यानं दिल्या नाहीत. तेव्हा घरोघरच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, मागितल्या. बायकांनी आधी काकांना वेड्यात काढलं. मग एकीनं नवीकोरी ठिगळांची वाकळ आणून भिंतीवर टाकली, ती पाहून शेजारणीनं तिच्याहून भारी आणली, आणि बघता बघता ती भिंत लग्नातल्या नवरीसारखी सजली. एक म्हातारी काकांना म्हणाली, "पाटलाकडचं पोरगं आदळंल तर आदळू द्या माझ्या वाकळंवर. पण पाय धुऊन आदळायला सांगा."

जत्रेचा दिवस उजाडला. माणूस असं लोटलं, की वरून घार गेली तर तिला उतरायला जागा नव्हती. राणीसावरगाव, गंगाखेड, चारठाणा, पिंगळी, कुठकुठनं गाड्या आल्या. काकांनी पलटणीचा जुना कोट चढवला आणि पाहुण्यांना देवळाच्या मोकळ्या पटांगणात हात धरधरून उभं केलं; इटलीत असंच असतं, हलू नका, फुकट आहे, म्हणाले. सकाळी देवळात दोन्ही जनावरं देवासमोर उभी केली. मानकरी म्हणून पाटलानंच आधी आपल्या घोडीच्या आणि मग तट्टाणीच्या कपाळाला भंडारा लावला. तट्टाणीनं तेवढ्यात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी शेण टाकलं. गुरव तिच्यावर धावून गेला. काकांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

सुटायची खूण म्हणून ढोलावर टिपरू पडलं आणि पांढरी घोडी सुटली. पाठीवर पाटलाचा पुतण्या, फेटा उडतोय, पाहुणे वाहवा करतायत. मी टाच मारली. तट्टाणी चालायला लागली. घोडीचा पहिला फेरा पुरा झाला तेव्हा मी देवळाच्या मागच्या कोपऱ्याकडं येत होतो आणि लोक मला विचारत होते, पावणं, कुठल्या गावाला निघालात. पुतण्यानं मला ओलांडताना लगाम खेचून घोडीला मुद्दाम माझ्या अंगावर घातलं. तट्टाणी बिचकली, बाजूला झाली, आणि मी भिंतीवर.

काही लोक आजही म्हणतात, मी पडलो. मी उतरलो. वेगात उतरलो, डोक्यावर उतरलो, पण उतरलो. सात-आठ घरच्या वाकळा एकदम अंगावर आल्या आणि मी त्या म्हातारीच्या ठिगळांत तोंड घालून पडलो असताना तट्टाणीला कळलं, की पाठ रिकामी झाली.

आता हे धनगर सोडून कुणाला माहीत असणार? बिऱ्हाडाचं जनावर दिवसभर ओझं जपून चालतं. संध्याकाळी तळावर पोचलं, ओझं उतरलं, पाठीवर एक थाप पडली, की ते चौखूर उधळतं, कारण त्यानंतरचा वेळ त्याचा. चारा त्याचा, पाणी त्याचं, मोकळं रान त्याचं. मी भिंतीला लागलो तेव्हा माझा हात तिच्या पुठ्ठ्यावर आपटला. तीच थाप. आम्ही सगळे तिला ओझं घालून पळवायला बघत होतो.

मग जे झालं ते पाहायला देव बाहेर आला असेल. नगाऱ्याएवढं पोट जमिनीला टेकवून ती तट्टाणी निघाली. दोन्ही कान आयुष्यात पहिल्यांदा एका दिशेला. पहिला फेरा तिनं असा संपवला, की देवळाचा कळस तिच्या वाऱ्यानं कलला, तो अजून थोडा कललेलाच आहे, जाऊन बघा. दुसऱ्या फेऱ्यात पटांगणातले पाहुणे तिच्याबरोबर गरागरा फिरायला लागले आणि चक्कर येऊन एकमेकांवर पडले. अंगावर चढलेला अख्खा फेरा तिनं असा फेडून टाकला. तिसऱ्यात पांढरी घोडी जेमतेम पुढं होती, पण पुतण्या मागं वळून वळून बघत होता, आणि त्याच मागच्या कोपऱ्यावर त्याचा अंदाज चुकला. घोडी बाहेरून गेली, तट्टाणी भिंत घासून आतून. दीपमाळेपाशी ती पहिली पोचली, थांबली नाही, आणि तिनं थेट पाटलाच्या कडब्याच्या गंजीत जाऊन तोंड घातलं.

गल्ली नाचायला लागली. पाटील पुढं आला. म्हणाला, स्वाराशिवाय घोडं म्हणजे सुटलेलं जनावर, ही काय शर्यत झाली. काका म्हणाले, सिएनात घोडं जिंकतं, पाठीवर कोण हाय ते कुणी बघत न्हाई. पाटील म्हणाला, ते तिकडं. दोघांचा आवाज चढला, पाहुणे दोन्हीकडं वाटले गेले, लाठ्या हातात आल्या. तेव्हा आबा ढोल गळ्यात तसाच ठेवून मध्ये जाऊन उभे राहिले.

"पाटील, सकाळी देवासमोर भंडारा कुणाला लावला तुमी? पोरांना का जनावरांना?"

पाटलानं भंडाऱ्यानं पिवळी झालेली बोटं धोतराला पुसली.

"तुमच्याच हातानं लावलाय. देवानं तिला बघितलंय. आमच्या पोराला कुठं कुणी विचारलं?"

पाटलानं एकवार आबांकडं पाहिलं, एकवार गंजीकडं. तट्टाणी त्याचाच कडबा खात त्याच्याकडंच बघत होती. मग त्याला हसू फुटलं आणि एकदा फुटलं ते आवरेना. त्यानं भंडाऱ्याची मूठ भरली आणि आबांच्या डोक्यावर उधळली. "जावा पुढं," म्हणाला. "पण त्या तट्टाणीला माझ्या गंजीतून काढा आधी."

ते मात्र कुणाला जमलं नाही. सिएनात जिंकलेल्या घोड्याला पंगतीच्या तोंडाशी उभं करून जेवू घालतात. आमच्या तट्टाणीनं आपली पंगत आधीच मांडली होती.

दिवे लागायच्या सुमारास पालखी उठली. आबा पुढं गेले आणि लोकांना वाटलं, आता तोंड पुढं करून वाजवत चालतील. आबा वळले. पालखीकडं तोंड, वाटेकडं पाठ, आणि उलट्या पावलांनी चालत वाजवायला लागले. मी मागं राहून त्यांच्या कमरेला हात लावला होता, खड्डा आला की सांगायला. पण गुडघे दुखणारा तो म्हातारा अख्खं गाव उलटा चालला आणि एकदाही अडखळला नाही. ढोल असा घुमला, की पूर्णेच्या पुलावर आगगाडी थांबल्याचं दुसऱ्या दिवशी ऐकलं. हवेत भंडारा इतका, की पाटलाची पांढरी घोडी पिवळी दिसत होती. पाटील तिला धरून मागं चालत होता, जिथं आमचा ढोल असायचा तिथं, आणि खोकत होता.

पालखी देवळाशी आली. आबांची टाच पायरीला लागली, ते थांबले, पण टिपरू थांबलं नाही. भोयांनी पालखी उतरवली, गुरवानं देव आत घेतला, तरी हे दारात उभे राहून आत बघत वाजवतच होते. गुरव शेवटी वैतागून म्हणाला, "म्हातारबा, बस की आता. देवाला निजायचंय."

"निजंल की," आबा म्हणाले. "आज तर कुठं वळख झालीय."