तंजावरच्या गप्पा आणि एक न सांगितलेलं नाव

"हे गेले गं… सकाळी, चहा गाळता गाळता," लंडनच्या स्टॅनमोर भागातून शारदाकाकूंचा फोन आला तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत होते. काकूंना मी काय म्हणाले आठवत नाही. मनात आलं ते एवढंच, की आता ते नाव कोण सांगणार?

व्यंकटरावकाका तंजावरचे मराठी. भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलांत आयुष्य गेलं. "जन्मभर लोकांना झोपवलं, आता तू मला जागं ठेवतेस," म्हणायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी दर रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जात असे. तंजावरवरच्या या गप्पा आमच्या छोट्या मासिकात छापायच्या होत्या. आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. बाबा ती कारखान्याच्या गेटवर वाटत आणि आम्ही भावंडं स्टेपल मारत असू. त्यामुळे राजेरजवाडे म्हटलं की माझ्या कपाळावर आठी. काका ती बघून हसत. "तुझी मराठी पुण्याची ताजी, माझी तीनशे वर्षं शिळी. शिळं जरा चावून खावं."

सांगत मात्र सुरेख. फणसाच्या खोडावर बोटाच्या पेरांनी टकटक करून वीणेचं लाकूड निवडणारा कारागीर, सोन्याचा वर्ख लावताना पंखा बंद करायला लावणारा चित्रकार, पोथ्यांपायी खजिन्याकडे दुर्लक्ष करणारे राजे. सगळ्यांची नावं, त्यांच्या बापांचीही. मग गोष्ट एका बाईपाशी यायची. ती देवळात नाचणाऱ्यांच्या घराण्यातली. लहानपणी काकांना पदं तिनेच शिकवली होती. तिथे आले की काका स्वतःच्या बोटाने टेप बंद करत.

"तिचं नाव काय, काका?"

"चहा घेतेस?"

"राजे तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत. वीणावाल्याचं नाव सांगितलंत. नाचणारीचंच का नाही? तुमच्या घराण्याची अब्रू आड येते?"

काकांनी टेपरेकॉर्डर माझ्याकडे सरकवला. "संशय आहे ना तुला माझ्यावर? असू दे. पण नाव नाही."

"मग मी यातलं काहीच छापणार नाही."

"नको छापू," ते शांतपणे म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी खरंच चहा टाकला. गप्पा छापल्या नाहीत. मी जात राहिले, आणि संशयही माझ्याबरोबर येत राहिला.

अंत्यविधीला लंडनबाहेरून एक तमिळ बाई आली होती. गाव सांगत नाही. सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन इंग्रजीत म्हणाली, "टेपवाली तूच ना? त्यांना पदं शिकवणारी ती माझी आजी. अंकल दर पोंगलला मला फोन करायचे. एकच प्रश्न, आता नाव सांगू का? मी नको म्हणायचे."

"का पण? यात लाज कसली?" माझ्यातलं पत्रक उसळलं.

"माझ्या सासरी कुणाला माहीत नाही. तुझ्या आजीबद्दल कधी कुणी विचारलंय तुला?"

मी नकारार्थी मान हलवली.

"लोक तिच्याबद्दल बोलायचे ते हळू आवाजात, हसत," ती म्हणाली. "मला विचारून थांबणारे हे एकटेच."

यावर डोळे पुसून मोकळं व्हावं, असा माझा स्वभाव नाही. तिच्या नकारात काकांचीही थोडी सोय होती का? एखाद्या पोंगलला ती हो म्हणाली असती, तर ते नाव त्यांनी टेपवर खरंच मोठ्याने उच्चारलं असतं का? ते आता त्यांना विचारता येणार नाही…

तिने मला तिचा नंबर दिला, मागितला नसताना. येत्या पोंगलला फोन मी करणार आहे. विचारेन, ती नको म्हणेल, आणि मग मला तिच्याशी वाद न घालता रिसीव्हर खाली ठेवावा लागेल. काकांना ते दरवर्षी कसं जमत होतं, कोण जाणे.