मालकानं किल्ली दिली तेव्हा

गाडी कोणाचीही असो, चालवणार तोच. म्हणून आम्ही मित्र त्याला मालक म्हणायचो. संजूनं पहिली गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या दारात नारळ फुटला, हार चढला, पेढे वाटून झाले आणि मालकानं हात पुढे केला. "आण किल्ली." संजू म्हणाला, "अबे, मले तं बसू दे एकदा." पण त्यानं किल्ली दिली. स्वतःच्या नव्या गाडीत संजू आणि त्याची बायको पाहुण्यांसारखी मागच्या सीटवर बसून घरी गेली.

मालकाचं महाल भागात चष्म्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. उंच, जरा वाकलेला, आवाज इतका मऊ की गिऱ्हाइकाला कान पुढे करावा लागे. डोळे तपासायच्या आधी तो एक प्रश्न हमखास विचारायचा, "गाडी चालवता का?" हो म्हटलं की तपासणी लांबलीच समजा. दिवसा दिसतं कसं, संध्याकाळी दिसतं कसं, समोरच्या दिव्यानं अंधारी येते का. कोणी कंटाळून घड्याळ पाहू लागलं तर म्हणायचा, "थकलेला डोळा खोटं बोलते. त्याच्यावर भरोसा नाही ठेवाचा."

प्रवासात तो स्वतःच्या डोळ्यांवरही भरोसा ठेवत नसे. दर थोड्या वेळानं गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारायचं, गाडीभोवती एक चक्कर, की पुन्हा चाकावर. त्याच्या शेजारच्या सीटवर झोपायला मनाई होती. एकदा वर्ध्याहून येताना माझी मान लवंडली, तर त्यानं भर रस्त्यात गाडी थांबवली. "झोप येत असन तं मागं जा, विन्या. इथं नाही." रागावला नव्हता. पण मी मागे जाऊन बसेपर्यंत गाडी हलली नाही.

त्याचं कारण आम्हाला माहीत होतं. त्यावर कोणी बोलत नसे, इतकंच. कॉलेज संपलं त्या वर्षी मालक आणि त्याचा जिवलग मित्र दीपक चिखलदऱ्याहून परत येत होते. घाट उतरून मालक थकला. त्यानं चाक दीपककडे दिलं, शेजारी बसला आणि बसल्या बसल्या झोपला. दिवेलागणीच्या वेळी, कोंढाळीच्या आसपास, रस्त्यात एक ट्रक बंद पडून उभा होता. मागचे दिवे नव्हते. मालकाला जाग आली ती काच फुटल्यावर. दीपक जागेवरच गेला.

दीपकची धाकटी बहीण म्हणजे मालकाची बायको, आमची सुधावहिनी. लग्न आधीच ठरलेलं होतं. दोन्ही घरांतल्या लोकांना वाटलं, आता हे मोडणार. ती म्हणाली, मोडायचं नाही. त्या घरात दीपकचा फोटो समोरच्या खोलीत होता, पण त्याचं नाव दोघांपैकी कोणाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मी कितीदा तरी तिथे जेवलो आहे. आम्ही तिघंचौघं हसत असताना मालक मधेच गप्प व्हायचा, वहिनी ताटात काहीतरी वाढायची, आणि खोलीत आणखी कोणी बसलं आहे असं मला वाटत राहायचं.

संजूला मोटारींच्या शर्यतींचं वेड. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणारी शर्यत होती. ती पाहायला गाडीनंच जायचं असं त्यानं ठरवलं. मालकाला शर्यतीत काडीचा रस नव्हता. "गोल गोल फिरून कुठं जाते हे लोकं?" असं त्यानं विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं की तो आला नाही तर मी आणि संजू आलटून पालटून चालवणार. तेव्हा तो म्हणाला, "मी येतो. तुम्ही दोघं मागं बसा, गप्पा मारा."

जातानाचा सगळा रस्ता त्यानं एकट्यानं चालवला. बुटीबोरी, हिंगणघाट, पांढरकवडा, मग सागाच्या जंगलातून खाली तेलंगणात. हैदराबादला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोळे लाल झाले होते, पण त्याला किल्ली मागायची आमची हिंमत झाली नाही.

ट्रॅकवर ऊन मी म्हणत होतं. आमची जागा नेमकी त्या पट्टीसमोर होती, जिथे गाड्या पेट्रोल भरायला आणि टायर बदलायला आत येतात. पहिला तासभर मालक कानांत बोटं घालून बसला. मग एक निळी गाडी आत आली. दार उघडलं, घामानं भिजलेला ड्रायव्हर बाहेर पडला आणि दुसरा आत शिरला. उतरलेला माणूस तिथून हलला नाही. तो खिडकीतून आत वाकला, दुसऱ्याचे पट्टे स्वतःच्या हातांनी ओढून बांधले, हेल्मेटवर दोनदा थापटलं आणि मागे सरला.

मालकानं कानांतली बोटं काढली. "हा थकला म्हणून उतरला का?"

"थकतेच ना गा," संजू म्हणाला. "पण नसला थकला तरी उतराच लागते. इतका वेळ एकट्यानं चालवता येत नाही. नियमच आहे तसा."

"नियमच आहे?"

"हो."

त्यानंतर मालकानं शर्यत पाहिली नाही. गाड्या समोरून सुसाट जात होत्या, लोक उभे राहून ओरडत होते, आणि तो खाली त्या पट्टीकडे बघत होता. निळ्या गाडीतून उतरलेला ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता. गाडी समोरून गेली की त्याची मान तिच्यामागे फिरायची. पाणी प्यायला, चेहरा पुसला, पण जागा सोडली नाही.

"तो झोपत काहून नाही?" मालकानं हळूच विचारलं.

संजूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी शर्यत संपली. निळी गाडी बरीच मागे राहिली होती. ते दोन ड्रायव्हर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालत गेले. मालक रिकाम्या पट्टीकडे बघत बसला होता. आम्हीच त्याला उठवलं.

परतताना पुन्हा हैदराबादला मुक्काम केला, चालवलं त्यानंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही महाराष्ट्रात आलो, तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली. उतरला, डोळ्यांवर पाणी मारलं, चक्कर मारली. मग माझ्या खिडकीशी आला आणि किल्ली पुढे केली.

"घे. तू चालव."

मागे संजू चिवड्याचा घास तोंडात तसाच धरून बसला. मी उतरलो आणि चाकावर बसलो. सीट अजून गरम होती. मालक डावीकडून आत आला, वाकला, माझा पट्टा ओढून खटका लावला आणि तो बसला की नाही हे पुन्हा ओढून पाहिलं.

मी इतकी वर्षं गाडी चालवतो आहे, पण त्या दिवशी नवशिक्यासारखी चालवली. मालक ताठ बसला होता. एका हातानं खिडकीवरची मूठ धरलेली, नजर रस्त्यावर. पांढरकवडा मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, रस्ता सरळ आणि मोकळा.

हिंगणघाटच्या अलीकडे तो म्हणाला, "दिप्या, हळू घे. समोर ट्रक उभा आहे."

समोर काहीच नव्हतं. दूरवर नुसतं ऊन चकाकत होतं. आरशात मला संजूचे डोळे दिसले. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"दिसला," मी म्हणालो आणि वेग कमी केला. जिथे काही नव्हतं, तिथे मी गाडी उजवीकडून काढली.

मालकानं श्वास सोडला. मग तो बोलू लागला. चिखलदऱ्याच्या थंडीबद्दल. आई रागावन, उशीर झाला म्हणून. सुधाला काही आणायचं राहून गेलं म्हणून. मधेच वळून म्हणाला, "तुले झोप तर नाही ना येऊन राहिली?"

"नाही गा."

"मी जागा आहो. तू चालव."

मी हो म्हणत गेलो. थांबावंसं वाटलं नाही. त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका तरुण झाला होता. बुटीबोरीला कारखान्यांची गर्दी लागली, तसा तो गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "विन्या, वर्धा रोडवर आता गर्दी असन. सांभाळून." चेहऱ्यावर पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

महालात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. वहिनी वरच्या खिडकीत उभी होती. नवऱ्याला डावीकडच्या दारातून उतरताना तिनं पाहिलं. खाली आली, पिशवी घेतली, "चहा घेऊन जा," म्हणाली. एवढंच.

पुढच्या वर्षी, थंडीत, मालक गेला. दुपारी दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. गिऱ्हाइकाला वाटलं, डोळा लागला आहे.

तेरवीला जेवणावळ आटोपली. मी निघालो, तशी वहिनी जिन्यात आडवी आली. पांढऱ्या दिव्यात तिचा चेहरा दीपकसारखा दिसत होता. हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं.

"भाऊजी, त्या शर्यतीहून येताना तुम्ही गाडी आणली होती. रस्त्यानं हे काही बोलले होते का?"

"बोलत होता," मी म्हणालो.

"तुमच्याशी?"

खोटं बोलता आलं असतं. पण ती इतकी स्थिर नजरेनं बघत होती, की मी खरं ते सांगितलं. "मले दिप्या म्हणून हाक मारली त्यानं."

तिनं कठड्यावर हात टेकला. खाली भांड्यांचा आवाज चालू होता. तिनं विचारलं, "मग तुम्ही ओ दिली ना?"

"दिली, वहिनी."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि मला वाट द्यायला भिंतीशी सरकली.