फुललेला श्रीताड आणि आम्ही तिघं

बागेत काढलेले फोटो कॉम्प्युटरवर पडून राहतात, वर्ष वर्ष कोणी उघडत नाही. पण बागेत झालेल्या घोळाचा किस्सा परतीच्या गाडीतच तयार होतो, आणि मालवणात पोचेपर्यंत त्याला मीठमसालाही लागलेला असतो!

आमचा ग्रुप तिघांचा. मी पोस्टातली. बाबी लग्नाचे फोटो काढणारा, बाजारात त्याचा स्टुडिओ आहे. आणि फर्नांडिस मास्तर, आम्हा दोघांचे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, आता रिटायर. दर मे महिन्यात बाबीच्या ओमनीतून आम्ही जिल्ह्यातल्या त्या मोठ्या सरकारी बागेत कॅमेरे घेऊन जातो.

यंदा घाई होती. बागेतला श्रीताड फुललाय अशी बातमी आली होती. हे झाड जन्मात एकदाच फुलतं आणि मग मरतं. शाळेच्या सहली नेऊन मास्तरांनी कितीतरी पोरांकडून त्याची चित्रं काढून घेतली, पण फुललेला त्यांनीही बघितला नव्हता. त्यात काचबिंदूने त्यांची नजर चारी बाजूंनी आकसत चाललेली.

"नळीतसून बघल्यासारखा दिसता गो," ते म्हणाले. "फुडच्या वर्साक तेवढा तरी दिसात काय, डॉक्टर सांगणत नाय."

*

बाबी गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं, घातल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावत नाही. लग्नाच्या हॉलबाहेरसुद्धा घालतो. बागेच्या गेटवर, भर रांगेत, त्याने सुरू केलं: "बा देवा म्हाराजा! आज उजेड बरो पडू दे, कार्ड करप्ट होव नये, आणि आमच्या मास्तरांका श्रीताड अख्खो दिसू दे रे म्हाराजा!"

त्यावर ऐकणाऱ्यांनी होकार भरायचा असतो. आम्ही तोंड उघडायच्या आत तिकीट खिडकीतून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मघाशी आम्हाला "कृपया रांगेत उभे राहा" असं सुनावणारे तेच साहेब! मग अख्खी रांग ओरडली. त्यात सगळ्यात मोठा आवाज रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या फर्नांडिस मास्तरांचा.

*

आत शिरलो. दोन्ही बाजूंना बहावा नुसता लोंबत होता. खाली पडलेला उजेडसुद्धा पिवळा! मास्तरांचा पांढरा शर्ट हळदीला बसवल्यासारखा झालेला.

पण बाबीची सवय कुठे जाते? "खाली कोण उभो नाय, तर फोटो कसलो?" म्हणून त्याने एका जोडप्याला अडवलं. "दादा, मान जरा डावीकडे. वहिनी, हसा!" बघता बघता त्याच्यासमोर पंधरावीस जणांची लाईन लागली. लोकांना वाटलं, हा बागेचाच फोटोग्राफर! कोल्हापूरच्या एका मावशींनी तर आपली साडी बदलून येईपर्यंत त्याला हलू दिलं नाही.

*

मग वळण घेतलं आणि समोर श्रीताड. देवाशप्पथ सांगते, माझे हात आपोआप जोडले गेले! खोडाला तिघांनी मिठी मारावी लागेल, आणि वर, पार वर, घराएवढा मोठा फुलोरा. मधमाश्यांचा आवाज सगळीकडे. बारीक फुलं सारखी अंगावर पडत होती. इतकं मोठं काही फुलू शकतं, हे खरंच वाटेना.

मास्तर मान वर करत होते, खाली करत होते. "खोड दिसता. फुलोरोपण दिसता. पण दोनय एकदम दिसणत नाय रे."

मागे सरकावं तर मधे दुसरी झाडं येत होती. अर्धा तास त्यांनी खटपट केली. शेवटी टोपी काढून म्हणाले, "तुकड्यातुकड्यान बघलंय. अख्खो काय गावाक नाय." मला फार वाईट वाटलं. मी उगाच लेन्स पुसत बसले.

बाबी माळ्याला विचारून पाण्याच्या टाकीवर चढला आणि तिथून त्याने अख्ख्या झाडाचा फोटो काढला. मास्तरांच्या गुडघ्यांना ती शिडी झेपणारी नव्हती, आणि खाली आणलेल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर उन्हात काही दिसेना.

"थांबा मास्तरांनू," बाबी म्हणाला, "मस्त मोठो करून देतंय!"

*

मोठो म्हणजे केवढा? दाराएवढा! सोनेरी फ्रेम घातलेला तो फोटो तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी उचलून मास्तरांच्या घरी आणला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मी पुन्हा हात जोडायचीच बाकी होते.

मास्तरांची मान वर गेली, खाली आली. परत वर गेली.

"बरो आसा रे," ते हळूच म्हणाले.

बाबीचं तोंड पडलं. "आजून मोठो करू?"

"नको रे बाबा!" मास्तर हसले. "माका पासपोर्ट साईज दी."

मास्तर चेष्टा करतायत असं बाबीला वाटलं. पण मास्तरांचा शब्द आम्ही शाळेपासून मोडला नाही. संध्याकाळी तो नेहमीसारख्या आठ कॉप्या कापून, स्टुडिओच्या छोट्या पाकिटात घालून घेऊन आला.

मास्तरांनी त्यातली एक उचलली, खिडकीपाशी गेले आणि हात लांब करून धरली. मान हलली नाही.

मग ते स्वयंपाकघरातल्या बायकोच्या दिशेने केवढ्यांदा तरी ओरडले, "मारी! गॅस बंद कर आणि भायर ये गो! श्रीताड फुललो आसा!"